पट्ट्याचं भोक काय सांगतं?
दोन डिझायनर पट्टे काही महिने वापरले की बक्कल बघू नये, रोजचं भोक बघावं. एकाचं ताणून लांबट झालेलं, कडेचा रंग तडकलेला. दुसऱ्याचं अजून गोल, पण कातडं काळवंडलेलं. पहिल्यासारख्या पट्ट्यात बहुधा दोन पातळ कातड्यांमध्ये चामड्याच्या चुऱ्याचं भरण असतं. चुऱ्यात कोलाजेनचे लांब, एकमेकांत गुंतलेले तंतू उरत नाहीत, मग ताण झेलणार कोण? दुसरा एकसंध जाड कातड्याचा. काळवंडला म्हणजे खराब झाला, हा आक्षेप टिकत नाही: झाडांच्या टॅनिननं कमावलेलं कातडं उन्हातेलानं गडद होतंच, हिरडा-बाभळीनं कमावलेल्या कोल्हापुरी चपलाही होतात. क्रोमियमनं कमावलेलं रंग जास्त टिकवतं, तेही कमअस्सल नव्हे. भरणाचा उल्लेख मात्र लेबलावर क्वचितच सापडतो.