चिमणी कोणती, चिमणीसारखी कोणती?

अंगणातले पक्षी : लेखांक सहावा

मागच्या भागात दाणापाणी कुठे आणि कसे ठेवायचे ते पाहिले. आता तिथे येणाऱ्यांची ओळख करून घेऊ, आणि त्यांचे फोटोही काढू.

गोंदिया जिल्ह्यात पक्ष्यांचा विषय निघाला की बोलणे सारसावर जाते, आणि ते रास्तच आहे. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः इथल्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी. नवेगावबांधला आणि नागझिऱ्याला लोक दुरून दुर्बिणी घेऊन येतात. पण दिवाळीच्या सुमारास धानकापणी होते, कडपा वाळतात, पुंजणे रचले जातात आणि गावोगावच्या सांदवाडीत बारीक तपकिरी पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. ते मात्र कुणी थांबून पाहत नाही. ‘चिमण्या आल्या’ एवढ्यावर काम भागते. त्या एका थव्यात तीन-चार जातींचे पक्षी असू शकतात.

आधी आपली नेहमीची चिमणी. नर ओळखायला सोपा आहे : डोक्याचा माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस-तपकिरी पट्टा, गाल पांढरे आणि गळ्यापासून छातीवर उतरणारा काळा डाग. पण हा डाग वर्षभर सारखा दिसत नाही. पावसाळा सरताना नराला नवी पिसे येतात. त्या पिसांची टोके फिकट असतात, त्यामुळे खालचा काळा रंग झाकला जातो. हिवाळाभर ती टोके झिजत जातात आणि विणीच्या दिवसांपर्यंत गळा काळाभोर होतो. म्हणजे नराला हा रंग नवे पीस उगवून मिळत नाही, जुने झिजून मिळतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. एकाच अंगणात नोव्हेंबरमध्ये आणि मार्चमध्ये काढलेले फोटो शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो. चोचीचेही तसेच : विणीच्या काळात काळी, एरवी फिकट.

मादी साधी. अंग मातकट, डोळ्यामागे फिकट भुवई, गळा कोरा. पाठीवर मात्र गडद, ठळक रेघा असतात. या रेघा लक्षात ठेवा, पुढची बरीचशी ओळख त्यांच्यावरच अवलंबून आहे.

कारण दुसरी जी खरी चिमणी इथे सापडते, तिच्या पाठीवर रेघ नसते. ही रानचिमणी, तिला पीतकंठी चिमणीही म्हणतात. पाठ सपाट राखाडी-तपकिरी, पंखावर पांढरी पट्टी, नराच्या खांद्यावर तांबूस ठिपका आणि गळ्यावर लहानसा पिवळा डाग. हा पिवळा डाग समोरूनच दिसतो, तोही उजेड नीट असेल तर, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. ही झाडांत रमणारी चिमणी, घरटेही झाडाच्या ढोलीत करते. आपल्या जिल्ह्यात तिला शोधायची उत्तम जागा म्हणजे मोहाचे झाड. ती दाण्यांबरोबर फुलांतला मधुरसही घेते, आणि मोह फुलला की पराग लागून तिचे कपाळ पिवळसर दिसू लागते. असा फोटो मिळाला तर कुठली नवी जात सापडली म्हणून गोंधळू नका. गाव रानालगत असेल तर ती अंगणातल्या पाण्यावरही येऊ शकते.

भारतातल्या पक्षिअभ्यासात या चिमणीचे स्थान मोठे आहे. लहानग्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड या चिटणीसांनी ती ओळखून दिली, आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. सालिम अलींच्या पक्षिअभ्यासाची सुरुवात इथून झाली. 1985 मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती पडलेली चिमणी ठेवली.

आता चिमणीसारखे दिसणारे. सर्वांत जास्त फसवते ती सुगरण. पावसाळ्यात नराचा माथा पिवळाधमक असतो, तेव्हा प्रश्नच नसतो. पण विणीचा काळ संपला की नरही मादीसारखा तपकिरी होतो आणि हिवाळ्यात दोघेही थेट मादी चिमणीच्या थव्यात मिसळतात. पाठीवर रेघाही असतात. अशा वेळी चोच आणि शेपूट पाहा : सुगरणीची चोच जाड, शंकूसारखी, शेपूट आखूड आणि भुवई पिवळसर.

मनोल्या त्याहून बारीक. ठिपकेवाल्या मनोलीच्या पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते, पण तिची पिल्ले अगदी कोरी तपकिरी असतात. तशात पांढऱ्या कंठाच्या मनोलीची चोच निळसर-राखाडी आणि शेपूट काळी, टोकदार. लाल मुनिया विणीबाहेर तपकिरी झाली तरी चोच आणि कंबर लाल राहते.

इंटरनेटवर ‘स्पॅरो’ म्हणून शोधले तर अमेरिकेतल्या कितीतरी रेघाळ पक्ष्यांची चित्रे समोर येतात. ती बाजूला ठेवावीत. ते वेगळ्याच कुळातले पक्षी, आपल्या चिमणीचे सख्खे नव्हेत. आपली चिमणी अमेरिकेत आहे, पण ती एकोणिसाव्या शतकात माणसांनी नेऊन सोडलेली. गालावर काळा ठिपका असलेली वृक्षचिमणीही चित्रांत वारंवार दिसेल. भारतात ती मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडे असते.

फोटोबद्दल माझे स्पष्ट मत आहे : ओळखीसाठी पहिला फोटो पाठीचा घ्या. चेहऱ्याचा फोटो देखणा येतो, पण रेघा, पंखावरची पट्टी आणि शेपटीची लांबी पाठीमागून किंवा बाजूनेच कळते. यासाठी धानाच्या लोंब्यांची जुडी टांगणे ताटलीत कणी ठेवण्यापेक्षा सरस. ताटलीत पक्षी मान खाली घालून बसतो आणि काठाआड अर्धा झाकला जातो. लोंब्यांना तो भिंतीकडे तोंड करून लटकतो, त्यामुळे सबंध पाठ तुमच्याकडे येते. जुडी घराच्या पूर्वेला, खिडकीतून तिरपी दिसेल अशी बांधा. सकाळचे ऊन तिच्यावर पडेल, आणि खोलीतल्या अंधारात तुम्ही पक्ष्यांना दिसणार नाही.

चुन्याची पांढरी भिंत मागे असेल तर कॅमेरा सगळे चित्र उजळ समजतो आणि पक्षी काळवंडतो. एक्स्पोजर थोडे वाढवा. मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवून शेजारचे सूर्याचे चिन्ह वर सरकवले की झाले. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा, कारण चिमणी क्षणभरही मान स्थिर ठेवत नाही. मोबाइलचा झूम ताणून चित्र फाटते. त्यापेक्षा फोन जुडीपासून दोन हातांवर टेकून ठेवावा आणि लांबून ब्लूटूथच्या बटणाने फोटो घ्यावा. पक्षी आधी बिचकतील, पण फोन रोज त्याच जागी दिसला की सरावतील. फ्लॅश नको.

प्रत्येक फोटोबरोबर तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवा. 2020 साली आलेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात चिमणीची देशभरातली संख्या साधारण स्थिर आणि मोठ्या महानगरांत मात्र घटलेली दिसली. हा अहवाल सामान्य निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या नोंदींवर उभा होता. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जगभर गणना होते, भारतात ती 2013 पासून चालू आहे. पंधरा मिनिटे पाहून केलेली नोंदही तिथे चालते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या खेड्यांतून अशा नोंदी वाढायला हव्यात.

कवेलूंच्या फटीत घरटे असेल तर कॅमेरा जवळ नेऊ नका. आईबाप बिचकले तर पिल्ले उपाशी राहतात. शिवाय पिल्लांना ते कणी नाही, अळ्या आणि किडे भरवतात. त्या दिवसांत सांदवाडीतल्या वांग्या-वालावर फवारणी टाळली तर चोचीत अळी धरलेल्या चिमणीचा फोटोही मिळेल.