कोर्टाच्या आत : लेखांक 9 – डायसवरचा एकटेपणा

मागच्या लेखांकात आपण तारीख का पडते ते पाहिलं. त्यात वकील आले, पक्षकार आले, वेळेवर न येणारे साक्षीदार आले. तारीख देणारा माणूस मात्र राहून गेला होता. या आठवड्यात त्याच्याकडे वळू.

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी ही दोन्ही पदं बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. सकाळी बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असणं ही तिथे बातमी नसते. वाटपाचा दावा, चेक न वटल्याची फिर्याद, पोटगी, बांधावरून झालेली मारहाण, सगळं एकामागोमाग. मधेच पोलीस रिमांडसाठी आरोपी घेऊन येतात. अटक झालेल्याला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, असं राज्यघटनेचा 22वा अनुच्छेद सांगतो. म्हणून रविवार असो की लक्ष्मीपूजन, कोणीतरी न्यायाधीश उपलब्ध असावाच लागतो. निकालपत्रं लिहायला उरते ती रात्र. त्यात 1 जुलै 2024 पासून जुनी दंड संहिता आणि नवी न्याय संहिता दोन्ही हाताशी ठेवावी लागतात, कारण गुन्हा कोणत्या तारखेला घडला त्यावर कायदा ठरतो.

ढीग किती? महाराष्ट्राच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक प्रकरणं पडून आहेत. दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने 1987 साली सांगितलं होतं. आज देशात मंजूर पदंसुद्धा त्याच्या निम्म्यावर पोचलेली नाहीत, आणि त्यातलीही सगळी भरलेली नसतात. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीच्या परिषदेत तेव्हाचे सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर हे आकडे सांगता सांगता पंतप्रधानांसमोर रडले. त्याची चर्चा काही दिवस झाली. भर कार्यक्रमात सरन्यायाधीशाच्या डोळ्यांत पाणी यावं, याचं आपल्याला नवल वाटलं. त्यांच्या हाताखालच्या हजारो न्यायाधीशांचं काय होत असेल, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

पण नुसत्या संख्येने माणूस मोडत नाही. काम कशाचं आहे तेही बघायला हवं. पॉक्सो कायद्याचं कलम 33 घ्या. अत्याचार झालेल्या मुलाला वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत. वकील प्रश्न न्यायाधीशाला देणार आणि न्यायाधीश तो मुलाला विचारणार. मुलाच्या दृष्टीने ही उत्तम तरतूद आहे, त्यात शंका नाही. मात्र याचा अर्थ असा, की बचाव पक्षाच्या उलटतपासणीतला प्रत्येक प्रश्न न्यायाधीशाच्याच तोंडून एखाद्या आठ वर्षांच्या मुलीपर्यंत पोचतो. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ते संपलं की पुढचं प्रकरण पुकारायचं. पोलीस, डॉक्टर, शववाहिकेवरचे कर्मचारी यांच्या मनावर अशा कामाचा परिणाम होतो, हे आता आपण मान्य करतो. न्यायाधीशाच्या बाबतीत मात्र ‘त्यांना सवय असते’ एवढ्यावर भागवतो.

यावर ‘युनिट’चा हिशेब. कोणत्या प्रकारचं प्रकरण निकाली काढलं की किती युनिट धरायचे, याचे निकष उच्च न्यायालयं ठरवतात आणि त्यावर न्यायाधीशाचं डिस्पोजल मोजलं जातं. मोजमाप असू नये असं माझं म्हणणं नाही. पक्षकाराला कामाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. पण मोजपट्टीला माणूस दिसत नसेल तर काय होतं, ते मध्य प्रदेशात दिसलं. 2023 मध्ये तिथे सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना सेवेतून काढण्यात आलं. त्यातल्या एकीचा गर्भपात झाला होता, पाठोपाठ भावाला कर्करोगाचं निदान झालं होतं, आणि त्या काळात तिचे निकाल कमी भरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी, पुरुषांना मासिक पाळी आली असती तर हे कळलं असतं, अशा अर्थाचं खरमरीत भाष्य केलं. चौघी आधीच परत रुजू झाल्या होत्या. उरलेल्या दोघींना फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने परत घ्यायला लावलं. निकाल चांगलाच आहे. तरी स्वतःच्या नोकरीसाठी न्यायाधीशालाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे विसरता येत नाही.

आता एकटेपणाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये उच्च न्यायव्यवस्थेसाठी आचारमूल्यांचं एक निवेदन स्वीकारलं. पदाच्या प्रतिष्ठेला साजेसा अलिप्तपणा न्यायाधीशाने पाळावा, वकिलांशी, विशेषतः त्याच न्यायालयात काम करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी, प्रसारमाध्यमांना मुलाखती देऊ नयेत, असं त्यात आहे. हीच शिस्त खालपर्यंत झिरपते. तालुक्याच्या गावात तिचा अर्थ असा, की गणपतीच्या आरतीला कोणाकडे जायचं याचाही विचार करायचा. तीनेक वर्षांत बदली, मुलांची शाळा नवी, शेजार नवा. निकालाविरुद्ध कोणी समाजमाध्यमावर काहीही लिहिलं तरी उत्तर द्यायचं नाही. हा अलिप्तपणा आवश्यक आहे, तो सैल करा असं मी म्हणणार नाही. पण ज्या संस्थेने माणसाचे मित्र काढून घेतले, त्याच्याशी बोलायला कोणीतरी देण्याची जबाबदारी त्याच संस्थेची.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 2017-18 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन मॅजिस्ट्रेटनी आयुष्य संपवलं, आणि तिथली न्यायव्यवस्था हादरली. मानसशास्त्रज्ञ आणि वकील कार्ली श्रेव्हर यांनी पाच न्यायालयांतल्या न्यायाधीशांचा अभ्यास करून 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. नैराश्यासारखे आजार त्यांना फार आढळले नाहीत. आढळला तो ताण, थकवा आणि इतरांच्या दुःखाचा मनावर उमटलेला ओरखडा. तोही वरच्या न्यायालयांपेक्षा खालच्या न्यायालयांत जास्त. म्हणजे ही माणसं आजारी नाहीत, त्यांच्या कामाची घडण त्यांना झिजवते. शेजारच्या न्यू साऊथ वेल्समध्ये न्यायाधीशांना गोपनीय समुपदेशनाची सोय आहे.

25 जुलै 2024 रोजी प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या देशात न्यायाधीशांच्या स्वास्थ्याविषयी जाहीरनामा निघाला. न्यायाधीशाचा ताण हा दुबळेपणा नव्हे, त्याची लाज वाटायला लावू नये, आणि त्याची जबाबदारी न्यायाधीशाइतकीच संस्थेचीही आहे, असं तो सांगतो. पुढे मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा दिवस याच विषयासाठी ठरवला.

आपल्याकडे काय चालतं? प्रशिक्षणात ताणनियंत्रणाचं एखादं व्याख्यान, योगदिनाला सतरंज्या. प्राणायामाबद्दल मला आदर आहे, पण बोर्डावरची सत्तर प्रकरणं त्याने चाळीस होत नाहीत. रिकामी पदं भरणं हा खरा इलाज. तो सरकार आणि उच्च न्यायालयांच्या हाती आहे. तोवर दोन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद गोपनीय अहवालात कधीही जाणार नाही, असा लेखी नियम करावा. आणि आजारपण, बाळंतपण, सलग पॉक्सोचं काम यांची वजावट युनिटच्या हिशेबात धरावी.

पुढच्या आठवड्यात बेंच क्लार्क. आपल्या तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशाचं एखादं पद किती काळ रिकामं आहे हे वाचकांना ठाऊक असेल, तर तेवढं जरूर कळवावं.