कीड व्यवस्थापन मोहिमेचा प्रगतिवक्र : वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर आणि किडीचे वेळापत्रक

गावसमूह पातळीवर राबवावयाच्या कीड व्यवस्थापन प्रकल्पात अनेक कामे एकमेकांत गुंतलेली असतात. शेतकरी मेळावे झाल्याशिवाय सापळे लागत नाहीत, सापळे लागल्याशिवाय निरीक्षणे सुरू होत नाहीत, आणि ठराविक मुदतीत ल्युर न बदलल्यास निरीक्षणांना अर्थ उरत नाही. अशा कामांचा आराखडा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा विनामूल्य उपलब्ध असणाऱ्या प्रोजेक्टलिब्रे यांसारख्या सॉफ्टवेअरवर चांगला मांडता येतो. त्यातून मिळणारे सर्वांत उपयुक्त चित्र म्हणजे प्रगतिवक्र. आडव्या अक्षावर आठवडे व उभ्या अक्षावर एकूण कामापैकी पूर्ण झालेले काम टक्क्यांत दाखविले, की एक रेषा आराखड्याची व दुसरी प्रत्यक्ष कामाची अशा दोन रेषा मिळतात. सुरुवात संथ, मध्यंतरी वेग आणि अखेरीस पुन्हा संथपणा यांमुळे ही रेषा बहुधा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दिसते. कोषांतून बाहेर पडणाऱ्या पतंगांची संख्या दिवसागणिक बेरीज करून मांडली, तर तिचाही आकार असाच येतो.

वक्र काढण्याची रीत अवघड नाही. प्रथम कामे, त्यांचा कालावधी, त्यांचे परस्परावलंबन व त्यांस लागणारे मनुष्यबळ नोंदवावे. त्यानंतर मूळ आराखडा, म्हणजे बेसलाइन, जतन करावा; ही पायरी राहिली तर पुढे तुलना कशाशी करावयाची, हा प्रश्न उरतो. मग काम-वापराच्या दृश्यात आठवडावार नियोजित काम व आठवडावार प्रत्यक्ष काम दिसते. हे आकडे एक्सेलमध्ये घेऊन त्यांची चढती बेरीज करावी, एकूण कामाने भागावे आणि आलेख काढावा. वजन रुपयांत द्यावे की मनुष्यदिवसांत, याचा निर्णय मात्र आधीच व्हावयास हवा. खर्चाने वजन दिल्यास सापळ्यांची खरेदी होताच रेषा उंच उडी घेते आणि शेतात एकही सापळा लागलेला नसताना प्रकल्प पुढे गेल्याचे दिसते. विस्तारकार्यासाठी मनुष्यदिवस हेच एकक योग्य होय.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. समजा, ४०० हेक्टरच्या गावसमूहात निरीक्षणासाठी हेक्टरी ५ याप्रमाणे २,००० कामगंध सापळे लावावयाचे आहेत. मेळावे व प्रशिक्षणास ४० मनुष्यदिवस, सापळे लावण्यास ४०, सोळा आठवड्यांच्या साप्ताहिक निरीक्षणास १६०, ल्युर बदलण्याच्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी २० प्रमाणे ६० आणि हंगामाअखेर पऱ्हाट्या काढून त्यांची विल्हेवाट लावण्याच्या मोहिमेस १००, असे एकूण ४०० मनुष्यदिवस धरले. या वक्राचे शेपूट पाठ्यपुस्तकातल्यासारखे सपाट होणार नाही, कारण शेवटच्या कामाचाच वाटा २५ टक्के आहे. तो सुबक दिसावा म्हणून वजने बदलण्याचे कारण नाही.

पहिली मोठी चूक दिनदर्शिकेत होते. सापळे पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, पात्या लागण्याच्या सुमारास, लावावयाचे असतात. म्हणून पेरणी हा टप्पा नोंदवून त्यापुढे ४५ दिवसांचे अंतर दिले जाते. परंतु सॉफ्टवेअरची मूळ दिनदर्शिका सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची असते. तिच्या हिशेबाने ४५ दिवस म्हणजे नऊ आठवडे, अर्थात ६३ दिवस. गुलाबी बोंडअळीची एक पिढी अनुकूल हवामानात साधारण चार ते पाच आठवड्यांत पूर्ण होते. तेव्हा हे १८ दिवस म्हणजे अर्ध्या पिढीची उसनवारी झाली. यावर उपाय सोपा आहे. पिकाच्या व किडीच्या वाढीशी निगडित असलेले प्रत्येक अंतर ‘ईडेज’ या एककात द्यावे. त्यात सुट्या वगळल्या जात नाहीत. कर्मचाऱ्यांच्या कामांना मात्र नेहमीची दिनदर्शिकाच ठेवावी. पोळा, गणपती, नवरात्र या काळात माणसे रजेवर असणारच. अळीला रविवार नसतो.

दुसरी चूक प्रगती नोंदविताना होते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधील ‘टक्के पूर्ण’ हा रकाना कालावधीवर आधारलेला असतो, प्रत्यक्ष कामावर नव्हे. शिवाय ‘वेळापत्रकानुसार चालू’ अशी खूण एका कळीने करता येते आणि तिने प्रत्यक्ष रेषा आराखड्याच्या रेषेवर नेमकी बसते. आढावा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी या कळीचा मोह अनेकांना होत असावा. तिच्याऐवजी दर आठवड्यास झालेले मनुष्यदिवस, आणि त्यांच्याजोडीला लागलेले सापळे, बदललेले ल्युर व फोडून पाहिलेली हिरवी बोंडे यांची मोजणी नोंदवावी.

आता वक्राच्या वाचनाकडे वळू. वरील उदाहरणात निरीक्षणाचा बारावा आठवडा संपला आहे. मेळावे १० टक्के, सापळे १०, निरीक्षणे ३० आणि ल्युरच्या दोन फेऱ्या १०, असे आराखड्यानुसार ६० टक्के काम व्हावयास हवे होते, झाले ५७. तीन टक्क्यांची तूट कोणासही क्षुल्लक वाटेल. परंतु ४०० मनुष्यदिवसांचे तीन टक्के म्हणजे १२ मनुष्यदिवस. ते सर्व ल्युरच्या दुसऱ्या फेरीतील असतील, तर त्या फेरीचे ६० टक्के काम झालेलेच नाही, म्हणजे १,२०० सापळ्यांत जुने ल्युर लटकत आहेत. ल्युरचा प्रभाव साधारण तीन ते चार आठवडे टिकतो. त्यानंतर पतंग सापळ्यात कमी सापडतात, पण शेतात कमी झालेले नसतात. सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी आहे. जुन्या ल्युरवर ती कधी ओलांडली जाणारच नाही, आणि शेतकऱ्याला फवारणीचा इशारा मिळणार नाही. याउलट, रेषा सरळ २५ टक्क्यांनी मागे दिसत असेल आणि कारण पऱ्हाट्यांची मोहीम आठवडाभर पुढे गेली एवढेच असेल, तर नुकसान तुलनेने थोडे. म्हणून एकत्रित वक्राखाली ल्युरबदल व बोंड निरीक्षण यांचे स्वतंत्र छोटे वक्र काढणे अगत्याचे आहे. गावनिहाय वक्र काढता आल्यास अधिक बरे, कारण एका गावात राहिलेली तूट शेजारच्या गावातील जादा कामाने झाकली जाते.

पेरणीची तारीख पावसावर ठरते, त्यामुळे एकच नियोजित रेषा पुरत नाही. लवकरात लवकर व उशिरात उशिरा अशा दोन तारखांवर दोन रेषा काढल्या, की त्यांमध्ये केळ्याच्या आकाराचा पट्टा तयार होतो. प्रत्यक्ष रेषा त्यात राहावी. येथे एक सावधगिरी हवी. सॉफ्टवेअर कामाची सवड प्रकल्पाच्या अखेरच्या तारखेपासून उलटे मोजून ठरविते. ल्युर उशिरा बदलले तरी प्रकल्प वेळेत संपेल, असे ते खुशाल दाखवील. ज्या कामांना जीवशास्त्रीय सवड नाही, त्यांवर तारखेचे बंधन हातानेच घालावे लागते. पाऊस लांबून पेरण्या पुढे गेल्यास नवा मूळ आराखडा जतन करावा, जुना पुसू नये. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये असे ११ आराखडे ठेवता येतात. पेरणी संपल्यानंतर मात्र आराखडा बदलू नये. तो प्रत्यक्षाच्या मागे धावू लागला, की तूट दिसेनाशी होते.

सापळ्यांतील पतंगांची साप्ताहिक सरासरी त्याच आडव्या अक्षावर काढल्यास वक्र बोलका होतो. पतंगांची रेषा चढत असताना निरीक्षणाची रेषा सपाट झाली असेल, तर दुसऱ्याच दिवशी त्या गावात माणूस पाठवावा. महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहू नये.

राहता राहिली फवारणी. सापळ्यांतील पतंगांनी वरील पातळी गाठली, किंवा डोमकळ्या अथवा किडलेली हिरवी बोंडे १० टक्क्यांवर गेली, तरच ती करावयाची असते. तेव्हा फवारणीची कामे मूळ आराखड्यात धरूच नयेत. ती धरली आणि पातळी न गाठल्यामुळे फवारणी झाली नाही, तर सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या यशालाच दिरंगाई म्हणून दाखविते, आणि ती भरून काढण्यासाठी विनाकारण फवारे मारण्याची घाई होते. पातळी ओलांडली, तर त्या आठवड्यात फवारणीचे काम स्वतंत्र ओळीत जोडावे आणि त्याची मोजणी वक्राबाहेर ठेवावी.