झोपेतला श्वास मोजा

पावसाळा सरला की नाशिकच्या गल्लीबोळांत पिल्लं दिसू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची गेटं, गंगापूर रोडवरची अर्धवट बांधकामं, गोदाकाठचे पार, कुठेही. त्यातलं एखादं कुणाच्या तरी घरी येतं. त्याला अंघोळ घातली जाते, नाव ठेवलं जातं, पोटभर खायला मिळतं. आणि दोन-चार दिवसांत घरातलं कुणीतरी काळजीत पडतं, कारण पिल्लू गाढ झोपलेलं असतानाही त्याची कूस भराभर वरखाली होत असते. दमलंय, घाबरलंय, की आजारी आहे? या काळजीला कुणी ‘अतिलाड’ म्हणत असेल तर ते चूक आहे. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही काळजी रास्त आहे, आणि तिचं निम्मं उत्तर घरच्या घरी मिळतं.

आधी श्वास मोजायचा कधी, ते पाहू. खेळून आल्यावर, जेवल्यावर, दारावरची बेल वाजल्यावर मोजलेला आकडा निरुपयोगी. पिल्लू तोंड मिटून शांत झोपलेलं हवं आणि खोली गार हवी. बरगड्यांच्या मागच्या भागाकडे बघायचं. छाती एकदा फुगून खाली बसली की एक श्वास. मोबाइलवर तीस सेकंद लावून मोजायचं आणि दुप्पट करायचं. पंजे थरथरत असतील, डोळे पापण्यांआड हलत असतील, मधूनच बारीक ‘भुक्’ होत असेल, तर ते स्वप्नात आहे. त्या वेळी श्वास वेडावाकडा चालतो. थांबून पुन्हा मोजा. मोठ्या निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला साधारण 15 ते 30 असतो. लहान पिल्लाचा थोडा जास्त, 40च्या आसपासही जाऊ शकतो. पण पिल्लूपण सरलेल्या कुत्र्याचा आकडा दोन-तीनदा मोजूनही 30च्या वरच राहत असेल, किंवा कालपेक्षा आज आणि आजपेक्षा उद्या चढत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. एका आकड्यापेक्षा चार दिवसांचे आकडे जास्त बोलतात, म्हणून ते तारीखवार लिहून ठेवा.

जीभ बाहेर काढून हाऽहाऽ करत धापा टाकणं ही वेगळी गोष्ट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो फक्त तळपायांना येतो. जिभेवरून आणि घशातून वाफ घालवून तो अंग थंड ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की धापा टाकणं साहजिकच. नव्या घरात बुजलेलं पिल्लूही टाकतं. गारव्यात, काही कारण नसताना, तासन्‌तास धापा टाकणं मात्र साहजिक नाही.

आता रस्त्यावरच्या पिल्लाचं खास दुखणं. घरी पाळलेल्या जातिवंत कुत्र्याचा श्वास वाढला की अनेकांच्या मनात आधी हृदय येतं. आपल्या गावठी पिल्लाच्या बाबतीत मी आधी रक्ताचा संशय घेईन. वरचा ओठ अलगद उचला आणि हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. (काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात; तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघावा.) हिरडी फिकट, पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीच कमी पडल्या की फुप्फुसं धडधाकट असूनही शरीर श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवून ती भर काढू बघतं. एक्स-रे स्वच्छ येतो आणि पिल्लू तरी भात्यासारखं चालत राहतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

हे रक्त जातं कुठे? एक वाट जंतांची. हुकवर्म नावाचे बारीक जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि पिल्लाला ते आईच्या दुधातूनही मिळतात. दुसरी वाट गोचिडांची. कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान इथे बोटं फिरवून बघा. गोचीड रक्त पिते ते वेगळंच, शिवाय एर्लिकिया आणि बबेसिया हे रोग रक्तात सोडून जाते. त्यालाच आपण गोचीड-ताप म्हणतो. यातला बबेसिया गिब्सोनी हा परजीवी आपल्याच देशात सापडला. मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या रक्तात तो आढळल्याचं पॅटन या संशोधकाने 1910 साली नोंदवलं. तांबड्या पेशीच्या आत शिरून तो ती फोडतो. म्हणून तपासणीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब या तिन्ही गोष्टी बघायला सांगा. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. आठवड्याभरात पिल्लू उड्या मारू लागतं आणि गोळ्या बंद होतात, हा अनुभव फार घरांतला आहे. तसं करू नका. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून घराचीही फवारणी लागते. गुरांचं गोचीडनाशक अंदाजाने पातळ करून पिल्लाला चोळणं किंवा रॉकेल लावणं म्हणजे दुखण्यात विषाची भर.

खोकला, नाकातून घट्ट स्राव आणि ताप असेल तर न्यूमोनिया किंवा डिस्टेंपर. गाडीची धडक बसलेली असेल तर वरून जखम नसतानाही छातीत रक्त किंवा हवा साठलेली असू शकते, पोट आणि छातीमधला पडदाही फाटलेला असू शकतो. जन्मजात हृदयदोष कमी दिसतो, पण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलंच पाहिजे. नाक कोरडं म्हणजे ताप, हा ठोकताळा सोडून द्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं आणि ते थर्मामीटरनेच कळतं.

निफाड-दिंडोरीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. बागेत फवारणी झाली असेल तर पिल्लाला तिकडचं डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ गळते, अंग थरथरतं आणि श्वास कोंडतो. आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याला कधीच देऊ नयेत, एकही नाही. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

घरातली औषधं तर मुळीच देऊ नका. आपल्या तापाची पॅरासिटामॉल जास्त झाली तर कुत्र्याचं यकृत आणि तांबड्या पेशी दोन्ही बिघडवते. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला ती परवडत नाही. आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो.

जीभ किंवा हिरडी निळसर, मान ताणून बसणं, आडवं पडताच न येणं, प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत ओढलं जाणं, कोसळणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. उन्हाने तापलेलं असेल तर साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि निघा.

बाकी वेळी अशोक स्तंभाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, शहरात खासगी डॉक्टरही आहेत. दवाखान्याच्या टेबलावर पिल्लू घाबरून धापा टाकतं आणि खरा श्वास लपतो. म्हणून झोपेतल्या श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, तारीखवार आकडे, जंताचं औषध आणि लसी कधी दिल्या त्याचा कागद एवढं बरोबर न्या. आणि रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण होताच टोचून घ्या. ती पिल्लासाठी आहे तितकीच तुमच्या घरासाठी आहे.