लांबट रोपांची पुनर्लागण : टोमॅटोचा न्याय काकडीला नको

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या बागायतीबरोबरच माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतही भाजीपाल्याची लागवड होते. ताकारी, टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात लागणीचा मुहूर्त पाण्याच्या आवर्तनावर ठरतो. आवर्तन लांबले किंवा पाऊस थांबेना, की तयार रोपे ट्रेमध्येच अडकून पडतात. त्यांची खोडे बारीक व उंच होतात आणि रोपे माना टाकू लागतात. संकरित बियाणे महाग असल्याने अशी रोपे टाकून देणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. ती वाचविता येतात काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

रोपे लांबट का होतात?

रोप उंच झाले म्हणजे ते जोमदार झाले, असा समज आढळतो. वस्तुतः ही प्रकाशाच्या उपासमारीची खूण आहे. पुरेसा प्रकाश न मिळाल्यास रोप आपली शक्ती मुळांऐवजी खोडाची लांबी वाढविण्यात खर्च करते. दाट पेरणी, गरजेपेक्षा अधिक सावली, जुलैतील सततचे ढगाळ हवामान, जादा पाणी आणि युरियाचा अतिरेक ही त्याची प्रमुख कारणे होत. ट्रेमध्ये टोमॅटोचे रोप साधारणतः २१ ते २५ दिवसांत, तर काकडीचे १२ ते १५ दिवसांत लागणीस येते. त्यापुढे मुळांना जागा उरत नाही.

टोमॅटो : खोल लागण हितावह

टोमॅटोच्या खोडास मातीचा ओलावा लाभला, की त्यावर आगंतुक मुळे फुटतात. म्हणून लांबट रोपाची खालची पाने काढून ते वरच्या पानांच्या झुबक्यापर्यंत मातीत घ्यावे. लागणीस अवकाश असेल, तर प्रथम मोठ्या पिशवीत याच रीतीने पुनर्लागण करावी. पिशवीस तळाशी छिद्रे असावीत. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. रोप धरताना खोड न दाबता मुळांचा गड्डा सांभाळावा.

कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत मात्र सरळ खोल खड्डा करू नये. तळाशी पाणी साचून खोड कुजते. तेथे उथळ चरात खोड तिरपे निजवून केवळ शेंडा वर ठेवावा. कलमी रोपांचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. अन्यथा कलमाचा लाभ नष्ट होतो.

काकडी : मुळांस धक्का नको

काकडीस हा नियम जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. तिचे खोड मऊ व पाणीदार असते, ते खोल गाडल्यास कुजण्याचा संभव असतो. मुळे दुखावल्यास ती सावकाश सावरते. म्हणून रोप मातीच्या गड्ड्यासह अलगद काढावे, बीजपत्रे मातीच्या वर ठेवावीत आणि खोडास बारीक काडीचा आधार द्यावा. फार लांबलेली रोपे लावण्यापेक्षा नवीन बी टोकणे श्रेयस्कर. उबदार हवेत ते चार ते सहा दिवसांत उगवते. वेळेचा फारसा तोटा होत नाही.

उपायापेक्षा प्रतिबंध बरा

पुनर्लागण सायंकाळी करावी, हलके पाणी द्यावे आणि दोन-तीन दिवस सावली ठेवावी. मात्र खरी दक्षता तरू टाकतानाच घ्यावयाची असते. गादीवाफ्यावर बी ओळीत व विरळ पेरावे. उगवण होताच आच्छादन काढावे. लागणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी क्रमाने कमी करून रोपांना उन्हाची सवय लावावी. पानांवर चुरडा-मुरडा किंवा खोडाच्या बुडाशी कूज दिसल्यास ते रोप वाचविण्याच्या भरीस न पडता नष्ट करावे. एका रोपापायी सारे शेत रोगग्रस्त होऊ शकते.

ग्रामपंचायतीने आवर्तनाची तारीख वेळीच फलकावर लावली, तर शेतकऱ्यास बी टाकण्याचा दिवस ठरविता येईल. शाळेच्या बागेत एक टोमॅटोचे रोप खोल व दुसरे उथळ लावून तीन आठवड्यांनी दोन्ही उपटून दाखविल्यास विद्यार्थ्यांना मुळांतील फरक प्रत्यक्ष दिसेल. रोपाची उंची न पाहता त्याचे खोड व मुळे पाहण्याची दृष्टी गावोगावी रुजली, तर बियाण्यावरील खर्च आणि हंगाम दोन्ही वाचतील.