फ्रेम कुणामुळे अडते? पहिला गेमिंग पीसी असेंबल करण्याआधी

फेलोशिप सुरू झाली की बऱ्याच जणांची एक जुनी इच्छा डोकं वर काढते: स्वतः पार्ट निवडून असेंबल केलेला गेमिंग पीसी. जेआरएफचे महिन्याला ३७ हजार. त्यातून खोलीभाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे. म्हणजे ही खरेदी एकदाच होणार, आणि चुकीच्या जागी पैसे गेले तर पुढची तीन-चार वर्षं तेच मशीन समोर असणार. तरीही इथे मी पार्टची यादी देणार नाही. यादी सहा महिन्यांत शिळी होते. रिव्ह्यूमधला आलेख कसा वाचायचा हे मात्र टिकतं, आणि ज्या सवयीने तो वाचायचा तीच सवय तुम्हाला उद्या पेपर वाचताना लागणार आहे.

आधी फ्रेम कशी तयार होते ते बघू. प्रोसेसर ठरवतो की या क्षणी गेममध्ये काय घडतंय: शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, पडद्यावर काय काय दिसायला हवं. ही यादी तो ग्राफिक्स कार्डाला देतो आणि कार्ड चित्र काढतं. कार्ड एक फ्रेम काढत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही. जो हळू, त्याचाच वेळ मोजायचा.

समजा प्रोसेसरला एका फ्रेमसाठी ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. फ्रेम दर १४ मिलिसेकंदांनी येईल, म्हणजे सेकंदाला साधारण ७१. आता तुम्ही महागडा प्रोसेसर घेतलात, ८ चे ५ झाले. फ्रेम किती? ७१च. पैसे गेले, पडद्यावर काहीच बदललं नाही. त्याऐवजी कार्ड बदलून १४ चे ७ केले असते, तर आता प्रोसेसरचे ८ आडवे आले असते आणि १२५ फ्रेम मिळाल्या असत्या. कार्ड दुप्पट वेगवान, तरी फ्रेम दुप्पट नाहीत. ‘चांगला प्रोसेसर कोणता?’ या प्रश्नाला म्हणूनच सुटं उत्तर नाही. कोणत्या गेममध्ये, कोणत्या रिझोल्यूशनला, कोणत्या कार्डासोबत, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुराच होत नाही.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. मित्राचा पीसी मिळवा, नेहमीचा गेम लावा, एकाच ठिकाणी उभे राहून फ्रेम मोजा. मग फक्त रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा आणि पुन्हा मोजा. कार्डाचं काम बरंच कमी झालं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहिलं. फ्रेम चांगल्या वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरचा.

पण इथे तीन खड्डे आहेत. पहिला, व्ही-सिंक किंवा फ्रेमची मर्यादा चालू राहिली तर आकडा ६० वर चिकटून बसेल आणि तुम्ही विनाकारण प्रोसेसरला दोष द्याल. दुसरा, रिझोल्यूशनऐवजी सगळं सेटिंग ‘लो’ केलंत तर गर्दी, दूरवरची दृश्यं अशा गोष्टीही कमी होतात. त्यांचा भार प्रोसेसरवरही असतो, म्हणजे एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या. तिसरा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्के दिसला म्हणजे तो रिकामा आहे असं धरू नका. रायझन ५ ५६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण भरलेला असला तरी एकूण आकड्यात तो आठेक टक्केच दिसतो.

आता रिव्ह्यूकडे या. प्रोसेसरच्या रिव्ह्यूमध्ये सगळ्यात महाग कार्ड लावतात आणि मुद्दाम १०८०पी वर मोजतात. खाली लोक नेहमी चिडतात, ‘असं कोण खेळतं?’ कुणीच नाही. ती चाचणी तुमच्यासारखी परिस्थिती उभी करायला केलेलीच नसते. कार्डाचा अडथळा बाजूला काढून फक्त प्रोसेसरमधला फरक दिसावा म्हणून ती केलेली असते. ती बरोबर आहे. पण तिथला ४० टक्क्यांचा फरक तुमच्या मध्यम कार्डावर, १४४०पी वर दिसेल असं समजलात तर चूक तुमची. प्रयोगशाळेत वेगळं केलेलं परिणामाचं माप आणि बाहेर मिळणारा परिणाम यांच्यातला हा फरक पीएचडीत तुम्हाला शंभर वेळा भेटेल.

गिगाहर्ट्झवरून तुलना तर करूच नका. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्सथ्रीडीचा वेग त्याच्याच भावंडापेक्षा, ५८००एक्सपेक्षा, थोडा कमी ठेवलेला होता. पण एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी. बहुतेक गेममध्ये तोच पुढे, कारण लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता जवळच सापडतो. ज्या कामांना एवढ्या कॅशचा उपयोग नाही, तिथे मात्र ५८००एक्स पुढे राहू शकतो.

यानंतर सरासरी. समजा १०० फ्रेमपैकी ९९ फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकीला ११०. एकूण ११०० मिलिसेकंदांत १०० फ्रेम, सरासरी सेकंदाला ९१. आलेखात छान दिसेल. खेळताना मात्र त्या एका फ्रेमला हाताला झटका जाणवेल, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी तुम्हाला मारून जाईल. म्हणून ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा बघा. तोही डोळे मिटून नाही: काही जण ९९व्या शतमानाची फ्रेम धरतात, काही जण सर्वात हळू १ टक्का फ्रेमची सरासरी काढतात. व्याख्या वेगळी असेल तर दोन रिव्ह्यूंचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. एका रिव्ह्यूच्या आतच तुलना करा.

एवढं कळलं की निवडीचा क्रम आपोआप ठरतो. सुरुवात मॉनिटरपासून, जो लोक बजेटमध्ये सगळ्यात शेवटी आठवतात. १०८०पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, ४के म्हणजे ८३ लाख. पडदा मोठा घेतला की कार्डाचं काम त्या मानाने वाढतं. १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ७ मिलिसेकंदांच्या आत फ्रेम हवी, ६० हर्ट्झला १७ मिलिसेकंद चालतात. पडदा ठरला की कार्ड, कार्ड ठरलं की त्याला न अडवणारा प्रोसेसर. माझं मत विचाराल तर पहिल्या मशीनला १०८०पी आणि १४४ हर्ट्झ भरपूर झालं.

कार्ड निवडताना तुमच्यापैकी अनेकांच्या मनात दुसरा हिशेब असणार: दिवसा मॉडेल ट्रेन करायचं, रात्री गेम. इथे व्हीआरॅम महत्त्वाची. आरटीएक्स ३०६० टीआय गेममध्ये साध्या ३०६० पेक्षा वेगवान आहे, पण तिच्यात ८ जीबी आहे आणि ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२. वेग कमी असेल तर काम उशिरा संपतं. मेमरी कमी पडली तर बऱ्याचदा ते सुरूच होत नाही. तुमचं सॉफ्टवेअर कुडावर चालतं का, हे गाइडला किंवा लॅबमधल्या सीनियरला आधी विचारा, कारण चालत असेल तर एएमडीचं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी ते डोकेदुखी ठरू शकतं. आणि डबल प्रिसिजन लागत असेल तर गेमिंग कार्डाचा नादच सोडा: आरटीएक्स ३००० आणि ४००० मालिकेत तो वेग सिंगल प्रिसिजनच्या १/६४ एवढाच ठेवलेला आहे. त्या कामासाठी विद्यापीठाच्या क्लस्टरवर रांग लावलेली बरी.

एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, आतले पार्ट किती टिकतील किंवा शॉर्ट झालं तर संरक्षण किती, ते सांगत नाही. ५५० वॉट ही तो आत किती देऊ शकतो याची मर्यादा. मशीन ३०० वॉट खात असेल आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर भिंतीतून साधारण ३५३ वॉट ओढले जातील, वर मॉनिटर वेगळा. बऱ्याच ६०० व्हीए यूपीएसची खरी क्षमता ३६० वॉटच्या आसपास असते. म्हणजे ऐन खेळात लाईट गेली तर यूपीएसही बसण्याची शक्यता मोठी. भाड्याच्या खोलीत अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर प्लग काढा आणि आधी ते काम करा.

तापमानाचंही तसंच. रिव्ह्यू बहुतेक एसीच्या खोलीत होतात. एअर कूलर पार्टला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं कार्ड मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या वर जाऊ पाहील, मग पंखे ओरडतील आणि वेग उतरेल. पुढून काच असलेली देखणी कॅबिनेट दुकानातच राहू द्या. जाळीची घ्या, धूळ दर महिन्याला झाडा.

बाकीचं पटकन. १६ जीबीची एक रॅम घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. एनव्हीएमई एसएसडीने गेम लवकर लोड होतो, फ्रेम सहसा वाढत नाहीत. एएम४ सॉकेटला डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. एकीची रॅम दुसरीत बसत नाही. २०१८ चा बी४५० बोर्ड स्वस्तात मिळाला तर त्याचा बायोस रायझन ५००० ओळखतो का, हे दुकानदाराकडून चालू करून बघा. ५६०० आणि ५६००जी यांना एक समजू नका: जी मध्ये अंगचं ग्राफिक्स आहे, पण एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी. कार्ड नंतर घ्यायचं असेल तर जी, आत्ताच घेताय तर ५६००. लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, पण १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोण देणार ते त्यावर लिहून घ्या.

मशीन पहिल्यांदा चालू झालं की तीन गोष्टी बघा. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली नाही ना, ती कार्डाला हवी. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे ना, नाहीतर रॅम डब्यावर लिहिलेल्या वेगाने चालणार नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा: १४४ हर्ट्झचा मॉनिटर बहुतेक वेळा तिथे ६० वरच बसलेला असतो.