‘काढूनच टाका’ म्हणण्याआधी

बायोप्सीत स्तनाचा कर्करोग निघाला की घरातली वडीलधारी मंडळी डॉक्टरांना बहुधा एकच सांगतात : “काढूनच टाका, मागे काही ठेवू नका.” त्यामागे माया असते, भीतीही असते. जिच्या शरीराबद्दल हे ठरत असतं ती मात्र खुर्चीत गप्प बसलेली असते. पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढत असतं तर वादाला जागाच नव्हती. पण लवकर सापडलेल्या रोगात तसं होत नाही, आणि हे कळून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. ती पाऊणशे वर्षं चालली. मग मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. सगळ्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा साधारण चौथा हिस्सा काढून उरलेल्या भागाला रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. स्तन राखलेल्यांत त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण अधिक होतं, ८.८ टक्के विरुद्ध २.३ टक्के. हे लपवण्याचं कारण नाही. त्यामुळे मृत्यू वाढले नाहीत, हेही तितकंच खरं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. नुसती गाठ काढून रेडिएशन टाळलेल्यांत वीस वर्षांत ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात रोग उलटला. रेडिएशन घेतलेल्यांत १४.३ टक्के. म्हणून स्तन राखायचा तर शेक चुकवायचा नाही.

तरी एक अडचण उरलीच. मोठी गाठ काढल्यावर तिथे खळगा पडतो, रेडिएशननंतर तो आणखी आवळतो, स्तनाग्र एका बाजूला ओढलं जातं. जर्मनीतल्या वेर्नर ऑड्रेच यांनी कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि प्लास्टिक सर्जरी एकाच टेबलावर आणली आणि ‘ऑन्कोप्लास्टी’ रूढ झाली. थोडा भाग गेला असेल तर आजूबाजूचीच चरबी आणि ग्रंथी सरकवून पोकळी भरतात. स्तन मोठा असेल तर तो लहान करण्याच्याच शस्त्रक्रियेत गाठ काढतात आणि हवं तर दुसरी बाजूही जुळवून घेतात. स्तन लहान असेल तर काखेजवळचा किंवा पाठीचा भाग रक्तवाहिनीसकट वळवून आणतात.

या कामातली बारकाई पाहण्यासारखी असते. शस्त्रक्रियेपूर्वी बाईला उभं करून पेनाने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर स्तनाची ठेवण बदलते. काढलेल्या तुकड्याला वरच्या बाजूला आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब टाका घालायची पद्धत आहे. पॅथॉलॉजीत त्याच्या कडांना शाई लावतात. शाईवर कर्करोगाची पेशी दिसली नाही तर कड साफ. दिसली तर पुन्हा टेबल. गाठीच्या जागी बारीक धातूच्या क्लिपा ठेवतात, म्हणजे सगळं सरकवल्यावरही रेडिएशनचा नेम चुकत नाही.

निकाल काय? पॅरिसच्या क्रिश्ना क्लफ यांनी २००३ मध्ये १०१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली : पाच वर्षांनी ९५.७ टक्के जिवंत, ८२ टक्के जणींचा आकार समाधानकारक. पुण्यातही डॉ. चैतन्यानंद कोप्पिकर यांनी हे काम नेटाने रुजवलं आहे. तोटेही आहेत. जखम उशिरा भरली तर पुढचे उपचार लांबतात. काही महिन्यांनी आतली चरबी मरून कडक गाठ हाताला लागते आणि घर पुन्हा हादरतं. बहुतेकदा तपासणीत ती निरुपद्रवी ठरते.

हा मार्ग सगळ्यांना खुला नाही. रोग स्तनभर पसरला असेल, त्वचा सुजून लालभडक झाली असेल किंवा पूर्वी त्याच जागी रेडिएशन झालं असेल, तर सहसा पूर्ण स्तन काढावाच लागतो. मोठी गाठ आधी किमो देऊन लहान करता येते का, हे मात्र विचारायला हवं.

आपल्या घरात असा प्रसंग आला तर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : स्तन राखता येईल का, नसेल तर नेमकं कारण काय, आणि रेडिएशन किती दिवस, कुठे घ्यावं लागेल? उत्तर ऐकताना तिला पुढच्या खुर्चीत बसवा आणि निर्णय तिलाच घेऊ द्या.